पदराआडून विचारलेला प्रश्न

मामा, तुमचा तेरावा काल झाला. पाहुणे सकाळच्या गाडीनं पेडगाव स्टेशनावरून गेले, मांडवाचे बांबू सोडून झाले आणि आत्याबाई आज पहिल्यांदाच दुपारच्या झोपल्यात. दोन दिवस लोक तुमच्याबद्दलच बोलत होते. किती भांडणं मिटवली, किती गावांतून तुम्हाला पंच म्हणून बोलावणं यायचं, कोर्टात जाणारी माणसं तुमच्या ओट्यावरून कशी माघारी फिरली. ते सगळं खरं आहे आणि ते सांगायला माणसंही पुष्कळ आहेत. मला दुसरंच बोलायचंय. आमच्याकडं सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणतात, आणि मामाशी सुनेनं फार बोलायचं नसतं. त्यामुळं आपलं बोलणं सुरूच मुळी उशिरा झालं, आणि माझ्याकडून ते अजून संपलेलं नाही.

मी या घरात आले ते विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या वर्षी. राणीसावरगावच्या शाळामास्तराची मुलगी, मॅट्रिक झालेली, आणि तुमच्या घरात एकुलती एक सून. पहिल्याच दिवशी आत्याबाईंनी घरची रीत सांगितली. मामा समोर आले की पदर नाकाच्या वर ओढायचा, त्याचं टोक दातांत धरायचं, आणि बोलायची वेळ आलीच तर भिंतीकडं तोंड करून हळू बोलायचं. मी ती रीत पाळली. शिकलेली सून बिघडलेली असते असं बोलायला भावकी टपलेलीच होती, त्यामुळं जरा जास्तच पाळली.

पदराआडून मी म्हणायची, "मामा, चहा ठेवलाय." तुम्ही माझ्याकडं बघायचात आणि तसेच निघून जायचात. पाणी काढलंय म्हटलं तरी तेच. पाटलाकडचा माणूस येऊन गेला म्हटलं तरी तेच. आत्याबाईंशी, तुमच्या मुलाशी, नणंदेशी तुम्ही भरभरून बोलायचात, आल्यागेल्याला हसवायचात. माझी पाळी आली की चेहरा कोरा. मी मनाशी ठरवून टाकलं की सासऱ्याला जमीनवाल्याची मुलगी हवी होती आणि पदरात पडली मास्तराची. आत्याबाई समजूत घालायच्या की त्यांचा स्वभाव असाच आहे. स्वभाव असा माणसागणिक बदलतो का, हे मी त्यांना विचारलं नाही.

मग तो दिवस आला. माझ्या भावानं माणूस पाठवून निरोप दिला की अण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, काही खरं नाही, येऊन जा. तुमचा मुलगा कापूस घेऊन परभणीला मोंढ्यात विकायला गेलेला, आत्याबाई आणि नणंद लग्नाला गेलेल्या. घरात तुम्ही एकटे, ओसरीवर दावं वळत बसला होता. मी चौकटीला धरून उभी राहिले, पदर ओढला आणि विचारलं, "मामा, अण्णा लय आजारी हायत. मी जाऊ का?"

तुम्ही मान वर केली. माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घातली आणि दावं वळायला लागलात.

सुनेनं एकदाच विचारायचं असतं. पुन्हा विचारणं म्हणजे हुज्जत. मी आत गेले आणि चुलीपुढं बसले. दुसऱ्या दिवशी तुमचा मुलगा आला, त्यांना मी सांगितलं की मामांना विचारलं, ते काही बोलले नाहीत. ते तुम्हाला दादा म्हणायचे. म्हणाले, दादा बोलले नाहीत म्हणजे काहीतरी मनात असेल, दोन दिवस थांब, मी बघतो. या घरात तुमचं न बोलणं हुकमासारखं चालायचं. ते दोन दिवस संपायच्या आत अण्णा गेले.

तुम्ही आमच्याबरोबर राणीसावरगावला आलात. अण्णांच्या अंगणात खाली बसून ढसाढसा रडलात, माझ्या भावाच्या पाठीवरून हात फिरवत राहिलात. मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे हा. त्यानंतर मी तुम्हाला भाकरी वाढली, पाणी दिलं, आजारपणात काढे दिले, पण मनातून तुम्हाला मी केव्हाच घराबाहेर काढलं होतं.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. झरीच्या शाळेतलं ते कानाचं शिबिर झालं नसतं तर हा राग घेऊनच मी म्हातारी झाले असते.

माझ्या लग्नाच्या सातव्या वर्षी, आत्याबाईंचा कान वाहत होता म्हणून आपण शिबिराला गेलो होतो. तुम्ही फक्त गाडी हाकायला. औरंगाबादहून आलेला डॉक्टर पोरसवदा होता, पण बोलका. आत्याबाईंचा कान बघता बघता त्यानं तुम्हाला विचारलं की तुम्ही काय काम करता. तुम्ही सांगितलंत, आता शेती, पण उमेदीची सगळी वर्षं परभणीच्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होतो, हंगाम सुरू झाला की जिनचं मशीन दिवसरात्र बंद नसायचं. तो म्हणाला, मग तुम्हीही बसा या खुर्चीवर. तुम्ही हसून म्हणालात, "मला काय झालंय? मला समदं ऐकू येतं."

आणि खरंच, त्यानं समोर बसून विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तुम्ही चटचट उत्तर दिलंत. मोठा आजार झाला होता का? झाला होता, टीबी, तेव्हा लय दिवस इंजेक्शनं घेतली. घरात कुणाला कमी ऐकू यायचं? बापाला, म्हातारपणी. कानात काही आवाज येतो का? तर तुम्ही म्हणालात, "तसा समद्यायलाच येतो की. जिन चालू असतो."

"आत्ताही?" त्यानं विचारलं.

"आत्ता बी चालूच हाय."

जिनिंग सोडून तुम्हाला किती वर्षं झाली होती, मामा. डॉक्टरनं हातातला पेन खाली ठेवला. मग समोरचा कागद उचलून त्यानं आपल्या तोंडापुढं धरला आणि पहिल्याइतक्याच आवाजात विचारलं, "बाबा, तुमचं गाव कोणतं?"

तुम्ही त्याच्याकडं नुसते बघत राहिलात. चेहरा कोरा.

ती नजर मला ओळखीची होती. चहा ठेवलाय म्हटल्यावर जी नजर मला मिळायची, ओसरीवर दावं वळताना जी मिळाली, ती हीच. माझ्या तोंडावर पदर होता आणि डॉक्टरच्या तोंडावर कागद, एवढाच काय तो फरक. अख्ख्या दुनियेशी तुम्ही तिच्या ओठांवरून बोलत होता, आणि त्या दुनियेत ओठ झाकून बोलणारं माणूस एकटी मी होते. तुम्ही मला कधी नाही म्हटलंच नव्हतं. मी काही विचारलंय हेच तुम्हाला कळलं नव्हतं.

डॉक्टरनं नंतर लोखंडी काटा वाजवून कानामागं लावला, पाठीमागं उभं राहून कुजबुजून बघितलं, आणि आम्हाला नीट समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं मशीनच्या आवाजात काम केलेलं, त्यात टीबीची इंजेक्शनं. त्या इंजेक्शनांनी माणूस वाचवला, पण ती कधी कधी कानांना बाधतात. वर वय, आणि घराण्यातही थोडं. यातलं एक पुरे होतं, तुमच्याकडं सगळीच जमली होती. तो म्हणाला, हे इतकं हळूहळू जातं की ज्याचं जातं त्यालाच पत्ता लागत नाही, म्हणून तक्रार नसली तरी तपासून घ्यायचं असतं. मग तुमच्याकडं वळून त्यानं विचारलं की ओठ वाचायला तुम्हाला कुणी शिकवलं. तुम्हाला प्रश्न दिसला, पण कळला नाही. तुम्ही म्हणालात, "ओठ काय वाचायचे? बोललेलं दिसतंच की."

परतताना मी गाडीत मागं बसले होते. तुम्ही बैलांकडं बघत आत्याबाईंना म्हणालात, "मला वाटायचं, मास्तराची पोर हाय, शिकलेली, आपल्याशी कशाला बोलंल." मी पदराआड बसून हे ऐकत होते. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन आपण दोघं एकमेकांना गर्विष्ठ समजत होतो.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला म्हणाल्या, "त्यायला काय सांगायचं ते पदर काढून सांग." सासऱ्यासमोर उघड्या तोंडानं! हातात कप घेऊन मी तुमच्यासमोर गेले, पदर हनुवटीखाली घेतला आणि म्हटलं, "मामा, चहा." तुम्ही कपाकडं बघितलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत म्हणालात, "असा हाय व्हय तुझा आवाज." आवाज तर तुम्हाला आला नव्हता. तुम्हाला नेमकं काय ऐकू आलं असेल, याचं नवल मला अजून आहे.

पुढं तुमच्याशी बोलता बोलता एकेक गोष्ट उलगडत गेली आणि मी थक्क होत गेले. मिशीवाल्या पाहुण्यांशी तुमचं कधी का जमलं नाही ते कळलं. वीज गेली की तुम्ही जेवण अर्धं टाकून झोपायला का जायचात तेही कळलं. आम्ही समजायचो, माणूस लवकर निजणारा आहे. टीव्ही आला तेव्हा त्याचा आवाज बंद असला तरी तुम्हाला चालायचं, पण बातम्या सांगणारी बाई मान खाली घालून कागद वाचायला लागली की तुम्ही चिडायचात. म्हणायचात, बोलायचं तर नीट बोल की बाई.

आणि शिकलात कुठं, तर त्याच जिनिंगमध्ये. तुम्हीच सांगितलंत. मशीनवर कापूस टाकायला बसलेल्या बाया त्या गदारोळात एकमेकींशी नुसत्या ओठांनी बोलायच्या. सासवांच्या तक्रारी, नवऱ्यांच्या चुगल्या, मुकादमाला शिव्या, सगळं. तुम्ही तेल घालत फिरताना बघून बघून शिकलात, आणि मुकादमाला काय काय म्हणतात ते कळायला लागल्यावर फार हसलात. ज्या आवाजानं तुमचे कान नेले, त्याच आवाजात तुमचे डोळे तयार होत होते. देव एका हातानं देतो आणि दुसऱ्या हातानं घेतो असं म्हणतात. तुमच्या बाबतीत त्यानं दोन्ही हात एकदमच चालवले.

अठ्ठ्याहत्तर सालची ती संध्याकाळही तेव्हाच उलगडली. मी घरात नवीन होते. नामांतरावरून सगळीकडं जाळपोळ चालली होती, एसट्या बंद होत्या. त्या संध्याकाळी आपल्या गावातली काही तरणी पोरं चौकाच्या पलीकडं, पाराशी उभी राहून हळू आवाजात बोलत होती. तुम्ही अलीकडं, पिठाच्या गिरणीपाशी. मधे अख्खा चौक. तुम्ही उठलात, बौद्धवस्तीच्या तोंडाशी जाऊन ओट्यावर बसलात आणि तिथूनच त्या पोरांना एकेकाच्या नावानं हाका मारल्यात की या, माझ्यापाशी बसा. वस्तीतली माणसं काठ्या घेऊन जागीच होती, ती काही तुमच्या भरवशावर नव्हती. पण ती पोरं आली नाहीत आणि पांगली. त्यानंतर कित्येक वर्षं गावात शोध चालला होता की पंचाला बातमी दिली कुणी. कुणीच दिली नव्हती. त्यांनी स्वतःच्याच तोंडानं चौकापलीकडून तुम्हाला सांगितली होती.

एका गोष्टीवरून मात्र आपलं शेवटपर्यंत भांडण राहिलं, ते ऐकायच्या यंत्रावरून. तुमच्या मुलानं हौसेनं आणलं. सदऱ्याच्या खिशात डबी आणि कानात वायर. चार दिवसांत तुम्ही ते काढून कपाटात टाकलंत. म्हणालात, ताटं आदळतात तर डोक्यात घण बसतो, आणि माणूस बोलतं ते तसंच गिचमिड राहतं. मी म्हणायची, सवय होईल, रोज थोडं लावा, पाठीमागून बैल आला, मोटार आली तर कळायला नको का? तुम्ही डोळे मिटून घ्यायचात. तुमच्याशी भांडताना हीच अडचण होती, तुम्ही डोळे मिटले की भांडण संपलं. मी हरले ते हरलेच. पण मळणीयंत्रावर उभं राहणाऱ्या तुमच्या मुलाला मी दर उन्हाळ्यात तपासायला नेते आणि यंत्रावर जाताना कानात बोळे घालायला लावते. ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

आता ते सुपारीच्या बैठकीचं. नणंदेचं लग्न ठरायचं होतं. ओसरीवर पाहुणे, भावकी, सगळी पागोटी आणि टोप्या. तोवर आपलं उघड्या तोंडाचं बोलणं घरातल्या घरात होतं आणि तुमचं कानाचं गुपितही. तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि सगळ्यांसमोर विचारलंत की मुलीच्या शिक्षणाचं काय करायचं, तू सांग. मी पदर सावरला, पण तोंड झाकलं नाही, आणि म्हटलं की बारावी होऊ द्यावी, मग लग्न. तुमचे चुलतभाऊ खाकरले. म्हणाले, "सून सासऱ्यासमोर उघड्या तोंडानं बोलायलीय. बरं दिसतं का पंचाच्या घरात हे?"

तुम्हाला त्यांना चूप करता आलं असतं. मीच सांगितलंय तिला, एवढं म्हणाला असतात तरी कुणी पुढं बोललं नसतं. तुम्ही म्हणालात, "तिनं तोंड झाकलं की मला ऐकू येत न्हाई. मी बहिरा हाय."

पंचाचं सगळं भांडवल म्हणजे त्याचं ऐकणं. लोक तुमच्याकडं यायचे ते याच एका गोष्टीसाठी, की हा माणूस मधे बोलत नाही, तोंडावरची नजर हलवत नाही, शेवटचा शब्द होईपर्यंत ऐकतो. ते सगळं तुम्ही एका वाक्यात ओसरीवर टाकून दिलंत, आणि कशासाठी, तर सुनेच्या उघड्या तोंडासाठी. मला तेव्हा ते कळलं नाही. एवढी मोठी किंमत कशाची देताय, हे विचारायचं धाडसही झालं नाही.

पुढं बरेच दिवस आपला ओटा रिकामा होता. बहिऱ्याचा न्याय म्हणून बाजारात हसलेही लोक. तुम्ही रोज संध्याकाळी बसायचात तसेच बसायचात. आणि मग एक दिवस झरीचा एक शेतकरी बांधाचं भांडण घेऊन आला. भारी मिशीचा माणूस. अख्खी काढता येईना, कारण बाप जिवंत होता, म्हणून ओठावर येणारी तेवढी कातरून आला होता. बसला आणि म्हणाला, "आता दिसंल तुमाला माझं बोलणं." तुम्ही इतके हसलात की पाणी प्यावं लागलं. त्याच्यामागून हळूहळू बाकीचे आले. काही आलेच नाहीत, आणि त्यांचं तुम्ही कधी वाईट वाटून घेतलं नाही.

गेल्या महिन्यात नामांतर झाल्याची बातमी आली तेव्हाही टीव्हीचा आवाज बंदच होता, आम्ही सगळे मागं कापूस भरत होतो. तुम्हीच खाटेवरून हाक मारून घरभर सांगितलंत. त्यानंतर तुम्ही त्या खाटेवरून फारसे उठला नाहीत.

शेवटच्या आठवड्यातली दुपार. उजेड पुरेसा यावा म्हणून तुमची खाट दारापाशी घेतलेली. मी पेज भरवत होते. दोन घास घेऊन तुम्ही माझा हात थांबवलात आणि विचारलंत, "ती सात वर्षं तू पदरातून काय बोलायचीस गं?"

मला हसू आलं. "काय बोलणार, मामा? चहा ठेवलाय म्हणायची."

"आण," तुम्ही म्हणालात.

"पाणी काढलंय म्हणायची."

"आलोच."

"वेचायला बाया आल्यात म्हणायची."

"बसव त्यायला. पानी दे." आणि मग, "आनिक काय?"

"एवढंच, मामा."

तुम्ही माझ्या ओठांवरची नजर काढली नाही. खोटं बोलायला मी फार चुकीचा माणूस निवडला होता. तुम्ही म्हणालात, "अण्णा आजारी होते तवा तू चौकट धरून उभी ऱ्हायलीस. मला वाटलं, घरात एकटी हाय, भ्यायलीय. तू पदराआड बोलायचीस हे कळलं, मग त्या दिवशी काय इचारलंस ते झरीहून येताना गाडीतच समजलं मला."

म्हणजे इतकी वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. जे माझ्या ओठांवर तुमच्यासमोर कधी आलंच नाही, तेसुद्धा तुम्ही वाचलं होतं. त्या सुपारीच्या बैठकीत तुम्ही काय फेडत होता, ते मला त्या खाटेशी बसून कळलं. पेजेची वाटी मी खाली ठेवली.

"जा म्हणलो असतो, पोरी," तुम्ही म्हणालात. "गाडी जुंपून सोता आलो असतो."

रडू आवरत नव्हतं, पण मी पदर तोंडाला लावला नाही. तसंच उघड्या तोंडानं, सावकाश, एकेक शब्द तुम्हाला दिसेल असा म्हटलं, "मला ठाऊक हाय, मामा. माझ्या मनात काई न्हाई."

मामा, तुम्ही उभ्या जन्मात कुणाला पुन्हा बोलायला लावलं नव्हतं. समोरच्याचा शब्द पहिल्याच खेपेला टिपायचा, ही तुमची जिद्द. त्या दुपारी तुम्ही माझ्या तोंडाकडं बघत म्हणालात, "परत म्हण."

मी परत म्हटलं.